अर्धा गुण

"ड्रॉ?" अभिनवनं हळूच विचारलं.

मैत्रीनं पुन्हा एकदा पटावर नजर टाकली. तिच्या हत्तीनं आणि घोड्यानं अभिनवचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. फार तर सहा चाली. ते त्यालाही दिसत होतं, म्हणूनच तर तो मागत होता. पण सकाळी रामदास सर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "शेवटच्या फेरीत बरोबरी मिळाली तर घेऊन टाक. दुसरा नंबर पक्का आहे तुझा, मी हिशेब केलाय. उगाच जोखीम नको." चार वर्षं सर तिला शिकवत होते. त्यांचा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता.

तिनं हात मिळवला. जिंकली असती तर पूर्ण गुण, बरोबरीचा अर्धा.

अर्ध्या तासानं स्पर्धा भरली होती त्या कोथरूडच्या मंगल कार्यालयाच्या भिंतीवर निकाल लागला. पहिले दोघं नागपूरला राज्य स्पर्धेसाठी जाणार होते. अभिनव पहिला. राजनंदिनी आणि मैत्री दोघींचे पाच-पाच गुण. पण राजनंदिनी जास्त तगड्या खेळाडूंशी खेळली होती, म्हणून दुसरा नंबर तिचा. मैत्री तिसरी.

राजनंदिनीही रामदास सरांचीच विद्यार्थिनी. तिचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सरांचा क्लास त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये चालायचा. मैत्रीला सगळं लख्ख कळलं. निदान तिला तसं वाटलं.

सर दाराशी चपला शोधत होते.

"राजनंदिनीसाठी केलंत ना, सर?"

सरांचा चेहरा उतरला. "घरी जा, मैत्री," ते एवढंच म्हणाले. "बाबांशी बोल."

बाबा बाहेर स्कूटरपाशी उभे होते. त्यांनीच तिला घोडा कसा चालतो ते शिकवलं होतं. कारखान्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेत सलग सात वर्षं त्यांना, सीताराम कांबळ्यांना, कुणी हरवलं नव्हतं. मग कारखानाच बंद पडला. आता ते एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचे.

घर मांजरीला, रस्ता लांबचा. स्वारगेटपर्यंत मैत्रीनं दात आवळून धरले आणि मग तिला रडू फुटलं. "सरांनी फसवलं मला, बाबा. मी जिंकत होते. मी त्यांचं तोंडसुद्धा बघणार नाही आता."

बाबांनी स्कूटर कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागे मात्र वळले नाहीत.

"सरांना बोल लावू नकोस. ते तयार नव्हते. मी हात जोडले त्यांच्यापुढे."

"का?" मैत्रीनं विचारलं.

"नागपूरला गेलीस की तिथून पुढे दिल्ली, मग आणखी कुठं. दहावी आलीय तुझी. गेटवर रोज पोरी बघतो मी, गळ्यात कार्ड अडकवून आत जातात. तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. आत जाताना कुणी त्यांना विचारत नाही, बुद्धिबळ येतं का म्हणून. मला येतं. मी बाहेर उभा आहे."

शेजारून एक बस धूर सोडत गेली. मैत्री स्कूटरवरून उतरली आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मग मला का नाही सांगितलंत? तुम्ही नुसतं म्हणाला असतात, तरी मी सोडलं असतं."

बाबांनी मान खाली घातली.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं."