समोरची जाऊ

अल्माटीतल्या एका अरुंद रस्त्यावर दोन जावा समोरासमोरच्या उंच इमारतींत राहत होत्या, दोघीही तिसऱ्या मजल्यावर. धाकटी आयनाश चार उन्हाळे खोकत होती आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

"रस्ता एक, गाड्या त्याच. मग मला कसा नाही येत खोकला?" थोरली रायखान चारचौघांत म्हणायची. "पाहुण्यांसाठी बेशबर्माकचं मटण शिजवायची वेळ झाली की हिला बरोबर येतो!"

शेवटी तिनंच पैज लावली आणि दोघींनी आठ दिवसांसाठी घरं बदलली.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे रायखान नुसती खोकत होती, तिला बोलताच येईना. तिच्या हातून फोन घेऊन तिचा नवरा, हवामान खात्यात असलेले थोरले दीर म्हणाले, "अगं आयनाश, वारा या रस्त्यात गोल फिरतो आणि सगळा धूर तुमच्याच भिंतीकडे ढकलतो. त्यात दुपारी आमची भिंत उन्हानं तापली, की तिथली गरम हवा वर चढून त्या वाऱ्यालाच अडवते आणि धूर रस्त्यातच कोंडून राहतो."

आयनाशला कळेना, हसावं की रडावं. चार वर्षं ती खरंच सांगत होती. पण गेल्या वर्षापासून तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास उरला नव्हता.