बहाव्याच्या मुळावर

स्कूटर गल्लीत वळली तेव्हा बहाव्याची एक फांदी, पिवळ्या घोसांसकट, जमिनीवर लोळत होती.

चांगुणाबाईंनी गाडी थांबायचीही वाट पाहिली नाही. बदलापूरला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. बाळाचं झबलं घरीच राहिलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. "राहू दे ना आई, तिकडं दुसरं घेऊ," असं महेंद्र दोनदा म्हणाला होता. ऐकलं नाही तेच बरं झालं.

झाडावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस. खाली दोघं दोर धरून. आणि बुंध्याशी शेजारचे दिनानाथराव, अंगात नुसतं बनियन, एका गालाला साबण तसाच, हातवारे करत उभे.

"दाढी पुरी करायचाही धीर निघाला नाही होय?" चांगुणाबाई कडाडल्या. "पडताना डोळ्यांनी बघायचं होतं!"

"अहो चांगुणाबाई, मी..."

"एक अक्षर बोलू नका!"

हा राग आजचा नव्हता. अंबरनाथ पूर्वेच्या या बैठ्या घरांमागे सगळा मुरूम. पाणी एक दिवसाआड. मोगरा लावला, जळला. जास्वंद लावली, तीही जळली. "वाळवंटात बाग करताय काय?" म्हणून लोक हसायचे. मग चांगुणाबाईंनी बहाव्याची शेंग आणली. टणक बिया कढत पाण्यात भिजवल्या. खड्डा खणताना पहारीचं टोक बोथटलं. पहिले दोन उन्हाळे त्या रोपाला तांदूळ धुतलेलं पाणी मिळालं. पुढं त्यानं काही मागितलंच नाही. मुळं कुठल्या कातळात शिरली कोण जाणे, पण नवरा गेला त्याच वर्षी, भर वैशाखात, झाड पहिल्यांदा फुललं आणि परसदार पिवळंधमक झालं. तेव्हापासून बुद्धपौर्णिमेला विहारात पहिला घोस इथलाच.

दिनानाथराव आनंदनगरच्या कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले, शेजारी राहायला आले, आणि कटकट सुरू झाली. शेंगांना वास येतो. पाकळ्यांनी गटार तुंबतं. एकदा तर कुंपणाशी येऊन म्हणाले, "एवढं मोठं झाड घराला खेटून बरं नव्हे." त्या दिवशी चांगुणाबाईंनी त्यांचे असे वाभाडे काढले की महेंद्रला मध्ये पडावं लागलं. पोरगा मुळात शांत. त्याचं आपलं एकच पालुपद: सोनिवलीत नवीन बिल्डिंग होतेय, लिफ्ट आहे, पाणी आहे, हे घर विकून तिकडं जाऊ. चांगुणाबाई हसून उडवून लावायच्या. "हा बहावा उभा आहे तोवर मी काही हलायची नाही." मग तो गप्प व्हायचा.

आज मात्र तो गप्प बसला नाही. स्कूटर तशीच टाकून दिनानाथरावांच्या अंगावर धावला.

"काका, लाज नाही वाटत? आम्ही बाहेर पडलो बघून हे धंदे? आईचा जीव आहे त्या झाडात!"

दिनानाथराव नुसते त्याच्याकडं बघत राहिले. चांगुणाबाईंचा ऊर भरून आला. पोटचं पोर शेवटी धावून आलं.

त्यांनी दोराचं टोक हिसकावलं आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. "ओढा आता! बघू कोण ओढतो!"

गल्ली गोळा झाली. समोरची भिमाबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "शिकली-सवरलेली माणसं, आणि करणी बघा!"

झाडावरचा कुऱ्हाडवाला, जनू, सरसर खाली उतरला. "मावशी, त्या काकांना काय बोलताय? तेच तर मघापासून बुंध्याला मिठी मारून बसलेत, कापूच देईनात. नाहीतर एव्हाना झाड आडवं असतं."



"कचऱ्याचा त्रास होतो, म्हणून मी भांडतो," दिनानाथराव हळू आवाजात म्हणाले. "म्हणून झाड मारीन? कुऱ्हाडीचा आवाज आला, तसाच धावत आलो."

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. पण राग उतरला नाही, उलट आता त्याला दिशा हवी होती.

"मग तुम्हाला बोलावलं कुणी?" त्यांनी जनूला विचारलं.

"नाव नाय माहीत," जनू म्हणाला. "फोनवरच बोलणं झालं. साहेब म्हणाले, रविवारी सकाळी घरात कोण नसेल, दुपारच्या आत आटपून टाका."

"जाऊ दे आई," महेंद्रनं त्यांचा दंड धरला. "झाड वाचलं ना? उगाच तमाशा कशाला? बारशाला उशीर होतोय."

"होऊ दे उशीर!" त्यांनी हात सोडवून घेतला. "त्या हलकटाचा आवाज मला ऐकायचाय. लाव रे फोन. इथं, माझ्यासमोर लाव."

जनूनं मोबाईल काढला, बटण दाबलं आणि कानाला लावला.

महेंद्रच्या खिशातला फोन वाजू लागला.