शेवटची ओळ

सिसिलीच्या डोंगरात, एका मेंढपाळाच्या खोपटात लपलेला लिबोरियो आपल्या टोळीला चिठ्ठ्यांतून हुकूम द्यायचा, प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहून. कुठलं अक्षर कशासाठी, हे त्याच्याखेरीज तिघांनाच ठाऊक होतं. तरी पोलीस दर वेळी आधीच पोचू लागले. त्याने साल्वोचा गळा तारेने आवळला, बियाजोला दगड बांधून विहिरीत सोडलं, पण चिठ्ठ्या फुटतच राहिल्या. उरला धाकटा भाऊ, सारो.

"दादा, आईशपथ, मी नाही," फुटलेल्या ओठांनी सारो म्हणाला.

"साल्वोनेही आईचीच शपथ घेतली होती." लिबोरियोने गोळी झाडली, क्रुसाची खूण केली आणि कुणालाही निरोप देताना म्हणायचा तसं सवयीने पुटपुटला, "देव तुझं भलं करो."

आठवड्याभरात तो पकडला गेला, तेव्हा त्याने फौजदाराला एकच विचारलं, "फितूर सारोच होता ना?"



"कुणीच फितूर नव्हतं, काका. तुमच्या प्रत्येक चिठ्ठीची शेवटची ओळ काय असणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तिच्यावरूनच आम्ही एकेक अक्षर लावत गेलो: देव तुझं भलं करो."