पासष्ट भागाकार

"वाघचौरे, ९९९९१ ही मूळ संख्या नाही, असं गाइडात छापलंय. गुण मिळणार नाही."

माझ्या पेपरावर चौतीस होते. पास व्हायला पस्तीस लागतात.

"मग भाग देऊन दाखवा, सर."

सर फळ्याकडे वळले. दोन, तीन, पाच, सात... घंटा झाली, तरी वर्गातून कुणी उठलं नाही. फळा भरल्यावर सरांनी भिंत घेतली. शेवटचा, पासष्टावा भागाकार ३१३ चा. बाकी १४४.

"मूळच आहे," सर हात झटकत म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून. ती कुणाला दाद देणारी वाटली नाही."

सर लाल पेन उघडून थांबले. "पण रीत कुठाय? रीतीशिवाय मी गुण देत नाही."

मी भिंतीकडे बोट केलं. "ही काय, सर. अक्षर तेवढं तुमचं आहे."