दिवाण खाली जाताना

दिवाण जिन्याच्या वळणावर अडला. खालच्या हमालाने खांदा लावला, वरच्याने जरा दम खाल्ला. घरचा मालक, ज्याला सगळे धाकटाच म्हणत, वरच्या पायरीवर उभा होता. दिवाण आत आला तेव्हा याच वळणावरून आला होता, तेव्हा बाहेरही जाईल, असं त्याने शांतपणे सांगितलं. घरांचे नकाशे काढणं हा त्याचा धंदा. त्याचं मोजमाप सहसा चुकत नसे.

त्याची बायको दारात उभी होती. दिवाण चालला होता तो तिच्याच नियमाने. घर दोन खोल्यांचं, म्हणून तिनेच कधीकाळी ठरवलं होतं: एक वस्तू आत आली की एक बाहेर जाईल, आणि जी सगळ्यात कमी वापरात असेल तीच जाईल. दोघांनी तो नेम एखाद्या व्रतासारखा पाळला.

व्हिडिओ गेमचा कन्सोल आला तेव्हा रेडिओ गेला. रेडिओ ऐकतं कोण, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग जुन्या पडद्यावर शत्रू नीट दिसेनात, तेव्हा मोठा टीव्ही आला आणि भिंतीवरची पुस्तकांची फळी उतरली. ऐन रंगात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आला. त्याच्यापायी जेवणाचं टेबल गेलं आणि दोघं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली, तीही पडद्याकडे तोंड करून. कन्सोल घेताना ‘एकदाच काय तो खर्च’ असं धाकटा म्हणाला होता. खेळाच्या मासिक वर्गण्या, नवे खेळ, बिघडलेली बटणं यांच्या पैशांवरून बायकोने कधी तोंड उघडलं नाही. नवरा संध्याकाळी घरात, डोळ्यांसमोर असतो, हे काय थोडं, असं ती शेजारणीला सांगे.

आज खेळताना पाठ दुखते म्हणून खास खुर्ची आली होती. आणि सगळ्यात कमी वापरातला म्हणाल तर दिवाणच. धाकट्याची थोरली बहीण अधूनमधून डोळे दाखवायला येई, तेव्हाच काय तो त्याच्यावर चादर पडे. अक्का आल्या तर, असं बायकोने सकाळी विचारलं होतं. अक्का काय परकी आहे, खाली गादी टाकू, असं तो म्हणाला. अक्कांना खाली बसलं की उठवत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नेम तिचाच होता. आपलाच नेम आपणच कसा मोडायचा?

दिवाण एकदाचा वळणावरून सुटला.

“बाजूला व्हा, आजी,” खालचा हमाल म्हणाला.

आजी म्हणजे अक्काच होती. तपासणी उद्याची, पण ओळखीच्यांची गाडी मिळाली म्हणून आजच आली. ती भिंतीला चिकटून उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. दिवाण तिच्या पदराला घासत खाली गेला.

“जपून न्या रे बाबांनो,” ती हमालांना म्हणाली. “त्याचा डावा पाय हलतो.”

धाकटा धावत चार पायऱ्या उतरला आणि पिशवीसाठी हात पुढे केला. हलकीच आहे म्हणत तिने ती दिली नाही. कळवायचंस तरी, असं तो पुटपुटला.

“कळवलं असतं तर दिवाण परवा गेला असता, एवढंच ना?” अक्का हसत म्हणाली. दारातली भावजय हसली नाही.

खोलीत शिरल्यावर त्याने तिला नव्या खुर्चीतच बसवलं. पाठीला फार छान आहे, म्हणाला. खुर्ची मागे कलली आणि अक्काचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

“अगं बाई. दाढी करतोस की काय माझी?”

धाकटा खळखळून हसला. आई गेल्यावर त्याला अक्काने वाढवलं होतं. तिच्यासमोर तो अजूनही तसाच हसत असे. त्याने हौसेने खेळ लावून दाखवला. रंग छान आहेत, ती म्हणाली. बाकीचं तिला धूसरच दिसत होतं.

“यात तू जिंकतोस का रे?”

“जिंकतो की. मग पुढची पातळी येते.”

“आणि ती जिंकल्यावर?”

“त्याच्या पुढची.”

“म्हणजे भांड्यांसारखंच आहे,” अक्का भावजयीकडे बघत म्हणाली. “घासली की पुन्हा पडतात.”

भावजय खिडकीशी गेली होती. खाली हमाल दिवाणाला दोरी बांधत होते. एक हाक मारली असती तर टेम्पो थांबला असता. तिने गज धरले, नवऱ्याकडे वळून पाहिलं. तो पडद्यावरच्या कुणाला तरी पुलावरून पलीकडे नेत होता. नीट, सांभाळून, अक्काला दिसावं म्हणून हळूहळू. तिने पुन्हा खाली पाहिलं. टेम्पो सुरू झाला, गल्लीच्या तोंडाशी जरा थांबला आणि वळला.

पलीकडे पोचल्यावर धाकट्याने मान वर केली.

“अक्का, पिशवी काय मांडीवर घेऊन बसलीस? ठेव की आता.”

अक्काने वाकून खुर्चीच्या एका बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. चाकं, वायरी, वायरींच्या पलीकडे इन्व्हर्टर. तिने पिशवी पुन्हा सरळ धरली.

“ठेवते की,” ती म्हणाली. “कुठे ठेवू, सांग.”