सदतिसावं नाव

नाव वाचलं गेलं आणि ढालवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

भर दुपारी राजवाड्याच्या चौकात लेखनिक पायरीवर उभा राहून राजाच्या शूरांची यादी वाचत होता. आधी पहिले तिघे, मग तीस, मग उरलेसुरले. प्रत्येक नावाला शिपाई ढाली बडवत होते. सदतिसावं नाव ढालवाल्याचं निघालं आणि लेखनिकाने कातड्याची गुंडाळी मिटली. झालं, यादी संपली. सेनापतीचं नाव त्यात आलंच नव्हतं. अकरा वर्षं ज्याची ढाल-तलवार वाहिली तो धनी यादीत नाही आणि आपण आहोत! भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या बिचाऱ्याला झालं. बायको मात्र हरखून गेली. उद्या हे सदतीस जण राजासमोर रांगेत उभे राहणार, म्हणून नवऱ्याचा झगा धुवायला ती घरी पळाली.

ढालवाला धन्याच्या शस्त्रांच्या खोलीत आला. सेनापती बाकावर बसून स्वतःच्या हाताने ढालीच्या कातड्याला तेल चोळत होता. हे काम ढालवाल्याचं. अकरा वर्षांत धन्याने तेलाच्या वाटीला बोट लावलं नव्हतं.

"या, शूरवीर," सेनापती म्हणाला. "ऐकलं मी."

"लेखनिकाची काहीतरी चूक झाली असणार, धनी. मी आत्ता जातो आणि नाव खोडायला लावतो."

"वेडा की काय तू? खोडलेलं नाव लोक आधी वाचतात. मग विचारतात, कुणाला भिऊन खोडलं?" त्याने हात मांडीला पुसला. "ठेव ती ढाल. माझा पट्टा बांध. सैल बांध जरा."

सैल पट्टा धन्याने आजवर एकदाच मागितला होता, तीन वर्षांपूर्वी. राजाने धन्याची सेनापतीची जागा त्याच्याच मावसभावाला दिली होती, आणि हा त्याला भेटायला निघाला होता. 'भाऊ, बरा आहेस ना?' म्हणत याने उजव्या हाताने त्याची दाढी धरली, मुका घ्यायला धरतात तशी. सैल पट्ट्यातून तलवार खाली घसरली, ती याने डाव्या हाताने उचलली. भावाचं सगळं लक्ष मुक्याकडे. नंतर रक्ताने भरलेला तो पट्टा राखेने घासून धुतला होता तो याच ढालवाल्याने, दोन घागरी पाणी लागलं होतं.

"कुणी यायचंय का, धनी?"

"कोण येणार? तू आहेस की."

घट्ट बांधावा तर धन्याला लगेच कळणार. पळावं तर दारात पहारा, आणि तोही धन्याचाच. शिवाय अकरा वर्षांत त्याने एकदाही सांगितल्यापेक्षा वेगळी गाठ मारली नव्हती. उभ्या धन्यापुढे गुडघे टेकून त्याने गाठ मारली. सैल बसली.

"ऊठ, भाऊ," सेनापती म्हणाला. आजवर त्याने याला भाऊ म्हटलं नव्हतं. "एवढा मान मिळाला, गळाभेट तरी घेशील की नाही?"

आणि उजव्या हाताने त्याची दाढी धरली.

त्या सैन्यात दाढी म्हणजे अब्रू. एकदा शत्रूने कैद्यांच्या दाढ्या भादरून त्यांना परत धाडलं होतं. ते बापडे दाढ्या वाढेपर्यंत वेशीबाहेर राहिले, बायकापोरांनाही तोंड दाखवलं नाही त्यांनी. राजासमोरच्या रांगेत तर बिनदाढीच्याला उभंच करत नसत.

तलवार घसरली आणि फरशीवर खणकन वाजली.

धन्याचं काही खाली पडलं की ते ढालवाल्याने उचलायचं. ऐन लढाईत उचलायचं, बाण येत असले तरी उचलायचं. त्याने विचार केलाच नाही. दाढी धन्याच्या हातात ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो वाकला. सेनापतीचा डावा हात खाली पोचेपर्यंत तलवार ढालवाल्याच्या हातात होती.

दोघेही थांबले. धन्याचं पोट टीचभर अंतरावर होतं. ढालवाल्याने वर पाहिलं. दुपारपासून जी भीती त्याच्या पोटात होती, ती आता धन्याच्या डोळ्यांत होती. ते पाहून तो जास्तच घाबरला. आता त्याच्या हातून काहीही होऊ शकलं असतं, आणि ते त्याला समजत होतं.

त्याने पातं वर नेलं, आपल्याच हनुवटीखाली लावलं आणि कराकरा दाढी कापली. कातडीही थोडी कापली गेली. तो सुटला, दोन पावलं मागे सरला, आणि मूठ धन्याकडे करून त्याने तलवार पुढे धरली.

"उद्या मी रांगेत नाही, धनी," तो म्हणाला. "असल्या तोंडाने कोण उभं करील मला? छत्तीसच राहतील."

सेनापतीने डाव्या हाताने तलवार घेतली आणि कशीबशी म्यानात घातली. उजव्या हातात वीतभर दाढी होती, काळी-पांढरी, टोकाला थोडं रक्त. त्याने खिडकीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, तेलाच्या वाटीकडे पाहिलं. ती टाकावी कुठे, तेच त्याला कळेना.

ढालवाल्याने सवयीने हात पुढे केला.

"आणा, धनी," तो म्हणाला. "मी धरतो."