तुलनेचा नमुना

नगरच्या प्रयोगशाळेत काम करणारी अरफा कारखान्यांशेजारच्या एका गावात जाऊन नऊ बाळंतिणींचं दूध तपासायला घेऊन आली. शरीरात एकदा शिरलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारं फ्लोरिनचं रसायन तिला त्यात शोधायचं होतं. तुलनेला एक निर्धोक नमुनाही हवा होता. तिची स्वतःची लेक सहा महिन्यांची, आणि घर त्या गावापासून चांगलं तीस किलोमीटर लांब. मग दहावी कुपी तिनं आपल्याच दुधाची भरली.

निकाल आले. नऊजणींच्या दुधात रसायन होतं, पण थोडं. दहाव्या कुपीत त्याच्या तिप्पट निघालं.

"कुप्यांची अदलाबदल झाली असेल," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले.

"नाही सर, चिठ्ठ्या मीच लावल्यात."

तरी तिनं पुन्हा तपासून पाहिलं. आकडा तोच. हे कुठून आलं असेल, पाण्यातून की रोजच्या नॉनस्टिक तव्यातून, तिला कळेना.

तेवढ्यात सासूचा, चांदबींचा फोन आला.


"अरफा, लवकर ये गं. पोरगी भुकेनं लई रडतीय, वरच्या दुधाला तोंडच लावत न्हाई."